फ्लॅशगन घेण्याआधी मांडव बघा

फ्लॅशगन घ्यायला आलेला फोटोग्राफर दुकानात आधी कंपनी विचारतो, मग किंमत, आणि मग "याची रेंज किती?" तिन्ही उत्तरं मिळाली तरी निवड होत नाही, कारण तो फ्लॅश कुठल्या छताखाली चमकणार आहे हे या प्रश्नांत कुठेच येत नाही. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये पांढरं, सपाट, दहा-बारा फुटांवरचं छत असतं. फोटोग्राफीच्या पुस्तकांतले बहुतेक सल्ले तसं छत गृहीत धरून लिहिलेले असतात. बीड जिल्ह्यात लग्नांचं काम करणाऱ्याला ते छत क्वचितच मिळतं.

त्याच्या वाट्याला काय येतं ते बघू. आदल्या दिवशी हळद, ती घरी. घराला स्लॅब असेल तर छत नऊ-दहा फुटांवर आणि पांढरं, पण भिंती हिरव्या, गुलाबी नाहीतर आकाशी ऑइलपेंटच्या. स्लॅब नसेल तर वर पत्रे. दारातल्या मांडवाचं कापड लाल-पिवळं, त्यातून झिरपणारा उजेडही लाल-पिवळा. दुसऱ्या दिवशी परण्या निघतो, नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाकडे, डोक्यावर उन्हं आणि पुढे डीजे. मुहूर्त साडेबाराचा असला तरी नाचणारी पोरं सरकत नाहीत, म्हणून लग्न लागायला दीड-दोन वाजतात. मंगल कार्यालयात लग्न असेल तर वीस फुटांवर निळा किंवा राखाडी पत्रा आणि त्याखाली लोखंडी कैच्या. कार्यालय परवडत नसेल तर शाळेचं मैदान किंवा रिकामं रान, वर शामियाना. संध्याकाळी गोरज मुहूर्ताचं लग्न असेल तर स्टेजवर रंग बदलणारे एलईडी आणि मागे काळोख.

हे सगळं एका कुटुंबाच्या दीड दिवसात येतं. म्हणून फ्लॅशची निवड आपण ज्या ज्या जागी काम करतो त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी. कंपनीचं नाव त्यानंतर येतं.

बीडच्या लग्नसराईचाही या निवडीशी संबंध आहे. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज भागातल्या अशा घरांची लग्नं मग एप्रिल आणि मे महिन्यांत एकवटतात. तिथी दाट, ऊन चाळीस अंशांच्या वर, एका दिवसात दोन-दोन ठिकाणची कामं. फ्लॅशची खरी परीक्षा या दोन महिन्यांत होते.

इथे फ्लॅशपेक्षा मोठी एक गोष्ट सांगतो. या जिल्ह्यात बालविवाहाचा प्रश्न आजही जिवंत आहे, आणि पोरगी घरी एकटी ठेवून तोडीला कसं जायचं ही आईबापांची धास्ती त्यामागचं एक मोठं कारण आहे. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. असा विवाह लावणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी वयाचा दाखला मागावा. दाखला मिळत नसेल तर ती ऑर्डर सोडून द्यावी आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवावं. एका पोरीचं आयुष्य त्या एका फोनने वाचू शकतं.

आता रेंजकडे वळू. दुकानदार रेंज म्हणून जो आकडा सांगतो तो गाइड नंबर. आयएसओ १०० असताना फ्लॅशपासून माणसापर्यंतचं मीटरमधलं अंतर आणि अ‍ॅपर्चरचा आकडा यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. नंबर ३६ असेल तर एफ/४ ला नऊ मीटरपर्यंत पूर्ण पॉवरचा सरळ फ्लॅश पोचतो. खोक्यावर बहुधा ६० छापलेलं असतं. तो ६० फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरच्या झूमवर असताना, म्हणजे सगळा उजेड एका अरुंद झोतात कोंबल्यावर मोजलेला असतो. कॅनॉनने २०१२ मध्ये आणलेल्या ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशचा नंबर २०० मिलिमीटरला ६० आहे, पण ३५ मिलिमीटरला तोच ३६ होतो. निकॉनच्या एसबी-७०० चा नंबर २८ आहे, आणि निकॉनने तो ३५ मिलिमीटरलाच मोजलेला आहे. म्हणजे साठ आणि अठ्ठावीस अशी तुलना करून जो निकॉनला दुबळा ठरवतो, त्याची फसगत होते. खरी तुलना छत्तीस आणि अठ्ठावीसची, आणि त्यातला फरक पाऊण स्टॉपच्या आसपास. लग्नात आपण बहुतेक वेळा २४ ते ७० मिलिमीटरच्या लेन्सवर असतो, म्हणून ३५ मिलिमीटरचाच आकडा विचारावा.

पण लग्नात फ्लॅश सरळ तोंडावर मारायचा नसतो. सरळ मारला की चेहरा सपाट होतो, कपाळ चमकतं, नवरीच्या नाकातल्या नथीची सावली ओठावर पडते आणि मागचे वऱ्हाडी काळोखात बुडतात. म्हणून फ्लॅशचं डोकं वर वळवून उजेड छतावर टाकतात आणि तो खाली परत येऊ देतात. यालाच बाउन्स म्हणतात. छत मोठं असल्यामुळे उजेडही मोठ्या जागेतून, मऊ होऊन येतो. आता हाच उपाय बीडच्या दोन जागांमध्ये आकड्यांनी तपासून पाहू.

हळदीची खोली. छत तीन मीटरवर, फ्लॅश जमिनीपासून पावणेदोन मीटरवर, नवरी चार मीटर दूर. उजेड वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे पावणेपाच मीटर चालतो. पांढऱ्या छतावरून परतताना साधारण दोन स्टॉप उजेड गमावतो, म्हणजे गाइड नंबर निम्मा होतो. आयएसओ ८०० ठेवला तर ३६ चा नंबर १०२ पर्यंत चढतो, आणि बाउन्समुळे ५१ वर येतो. पावणेपाचने भागलं की एफ/१० च्या पुढे जातो. आपल्याला एफ/४ पुरतो, म्हणजे फ्लॅशची सातवा-आठवा हिस्सा पॉवर लागली. कुठलाही साधा फ्लॅश हे काम दिवसभर करील.

आता मंगल कार्यालय. छत सहा मीटरवर, बाकी सगळं तेच. उजेडाचा रस्ता साडेनऊ मीटरचा झाला. एक्कावन्नला साडेनऊने भागलं की एफ/५.४ येतो. छत पांढरं असतं तर निम्म्याहून थोडी जास्त पॉवर लागली असती. पण छत पत्र्याचं आहे, राखाडी पत्रा आणखी एखादा स्टॉप सहज खातो, वर कैच्या आणि पंखे मध्ये येतात. आता पूर्ण पॉवर मारूनही एफ/४ जेमतेम गाठतो. पत्रा निळा असेल तर जो काही उजेड खाली येतो तोही निळा, आणि हळद लागलेली नवरी आजारी दिसते. लाल मांडवाखाली याच कारणाने सगळं वऱ्हाड तांबडं होतं. हा रंग नंतर कॉम्प्युटरवर पूर्ण निघत नाही, कारण चेहऱ्यावर एक रंग पडलेला असतो आणि मागच्या गर्दीवर दुसरा.

तेव्हा पत्र्याच्या कार्यालयात छताचा नाद सोडावा. आयएसओ १६०० किंवा ३२०० वर नेऊन तिथल्याच उजेडाला हाताशी धरावं आणि फ्लॅश स्टँडवर चढवून स्टेजच्या बाजूला न्यावा. अशा कार्यालयांत काम करणाऱ्याने महागड्या एका फ्लॅशऐवजी रेडिओवर चालणारे दोन साधे फ्लॅश घेणं जास्त शहाणपणाचं.

वरच्या हिशेबाचा दुसरा परिणाम बॅटरीवर होतो. माझ्या मते लग्नासाठी फ्लॅश निवडताना गाइड नंबरच्या आधी हाच मुद्दा बघायला हवा. फ्लॅशच्या आत कपॅसिटर असतो. तो नळाच्या बारीक धारेने भरणाऱ्या टाकीसारखा, बॅटरीतून हळूहळू भरतो आणि बटण दाबताच क्षणात रिकामा होतो. पूर्ण पॉवर मारली की टाकी पूर्ण रिकामी, आणि पुन्हा भरेपर्यंत थांबणं आलं. या थांबण्याला रिसायकल म्हणतात. चार सेलवर चालणारा गोडॉक्सचा टीटी६८५ घ्या. चांगले रिचार्जेबल सेल घातले तर पूर्ण पॉवरनंतर त्याला २.६ सेकंद लागतात आणि सुमारे २३० फ्लॅश निघतात, असं कंपनी सांगते. त्याच ताकदीचा, पण लिथियम बॅटरीचा व्ही८६०-टू दीड सेकंदात तयार होतो आणि ६५० फ्लॅश देतो. नंतरच्या व्ही१ आणि व्ही८६०-थ्री यांना दीड सेकंद आणि ४८० फ्लॅश. निम्म्या पॉवरवर फ्लॅशची संख्या जवळपास दुप्पट होते आणि थांबणं जवळपास निम्मं. किराणा दुकानातले साधे अल्कलाइन सेल घातले तर थांबणं चार-पाच सेकंदांवर जातं, आणि सेल उतरत आले की त्याहूनही पुढे.

अडीच आणि दीड सेकंदांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. अंतरपाट खाली जातो तेव्हा तो कळतो. शेवटचं मंगलाष्टक संपतं, भटजी कापड ओढून घेतात, वाजंत्री एकदम वाजतात, चारी बाजूंनी अक्षता येतात आणि नवरानवरी पहिल्यांदा समोरासमोर बघतात. ते बघणं दोन-तीन सेकंदांचं. मग माना खाली जातात, हार वर येतात, करवल्या पुढे घुसतात. दीड सेकंदाच्या फ्लॅशला त्यात दोन फोटो मिळतात, क्वचित तीन. अडीच सेकंदाच्या फ्लॅशला एकच मिळतो, आणि त्या एका फोटोत कुणाचा तरी हात आडवा आला तर तो क्षण गेला.

तरी चार सेलच्या फ्लॅशला मी टाकाऊ म्हणणार नाही. लिथियम बॅटरी संपली आणि गावात वीज नसली तर ती चार्ज होणार नाही, आणि तिच्या जोडीची दुसरी बॅटरी तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नाही. सेल मात्र कुठल्याही टपरीवर मिळतात. कॅमेऱ्यावर लिथियमचा, पिशवीत सेलचा, ही जोडी बीडसारख्या जिल्ह्याला चांगली. मेच्या उन्हासाठी आणखी एक सांगायला हवं. पूर्ण पॉवरचे तीसेक फ्लॅश सलग मारले की आतलं डोकं तापतं, आणि फ्लॅश स्वतःच वेग कमी करतो किंवा थांबतो. कंपन्या अशा वेळी दहा मिनिटं विश्रांती द्यायला सांगतात. पत्र्याखाली हवाच चाळीस अंशांची असताना ती दहा मिनिटं पुरत नाहीत. आहेराच्या रांगेत, जिथे एकामागून एक सोयरे स्टेजवर चढतात आणि तासभर उसंत नसते, तिथे पॉवर निम्म्यावर ठेवून आयएसओ एक पायरी चढवणं हाच उपाय.

टीटीएल म्हणजे फ्लॅशने आपली पॉवर आपणच ठरवणं. फोटोच्या किंचित आधी तो एक बारीक चमक सोडतो, कॅमेरा लेन्समधून परत आलेला उजेड मोजतो आणि किती पॉवर हवी ते सांगतो. गर्दीत फिरताना, जवळ-दूर होताना हे वरदान आहे. परण्यात घोड्याच्या पुढे उलटं चालत फोटो काढणाऱ्याला पॉवरचं बटण फिरवायला वेळ नसतो. पण टीटीएलला समोर काय आहे हे पुरतं कळत नाही. अंतरपाटाचं पांढरं कापड समोर आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो पॉवर कापतो आणि कापडावरून डोकावणारे चेहरे काळवंडतात. पुढच्याच फोटोत कापड नसतं, पण कॅमेऱ्याजवळून उडणाऱ्या अक्षता आणि शालूची जर उजेड परत फेकतात आणि मोजमाप पुन्हा चुकतं. इथे माणसं जागेवरून हलत नाहीत, अंतर ठरलेलं असतं, म्हणून पॉवर मॅन्युअलवर एकदा ठरवून टाकावी. लग्नासाठी घ्यायच्या मुख्य फ्लॅशला टीटीएल आणि मॅन्युअल दोन्ही हवेत, आणि एकातून दुसऱ्यात जाणं बघता बघता व्हायला हवं.

चेहऱ्यांच्या रंगाबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. उन्हात रापलेले, सावळे चेहरे हे या जिल्ह्याचे चेहरे आहेत. त्यांना गोरं दाखवण्यासाठी फ्लॅश एक-दीड स्टॉप जादा मारायचा आणि उरलेलं अल्बमवाल्याकडून पुसून घ्यायचं, ही सवय अनेक स्टुडिओंत मुरली आहे. त्याने कातडीचा पोत जातो, कपाळ आणि गालाचं हाड पांढरं पडतं आणि नवरी तिच्या आईलाही ओळखू येत नाही. सावळ्या कातडीवर उजेडाची झळाळी फार सुंदर उमटते. त्यासाठी उजेड जास्त नको, तो बाजूने आणि मोठ्या पृष्ठभागावरून यायला हवा.

पोर्ट्रेटचं सगळं मर्म इथेच आहे, आणि ते विजेच्या फ्लॅशपेक्षा जुनं आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे सिकंदराबाद आणि मुंबई इथे स्टुडिओ होते, आणि १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, जिथे फोटो घेणारीही स्त्रीच होती. त्या काळचे स्टुडिओ सूर्याच्या उजेडावर चालत. मोठ्या काचेतून एका बाजूने येणारा मऊ उजेड पडद्यांनी आवरून घेत. जर्मनीत १८८७ मध्ये मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडण्याची रीत आली, विसाव्या शतकात एकदाच पेटणारे फ्लॅशबल्ब आले, आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा पाया घातला. उजेड खिशात मावायला लागला, पण त्याचबरोबर तो चार बोटांच्या काचेतून यायला लागला. ती मोठी खिडकी हरवली. छत्री आणि सॉफ्टबॉक्स हे त्या खिडकीला परत आणण्याचे प्रयत्न आहेत.

उजेड मऊ की कडक हे त्याच्या आकारावर आणि अंतरावर ठरतं. मीटरभराची पांढरी छत्री चेहऱ्यापासून दीड मीटरवर, थोडी वर आणि बाजूला ठेवली तर सावलीची कड विरघळते. तीच छत्री पाच मीटरवर नेली की ती पुन्हा लहान झाली आणि उजेड कडक. टोपीसारखा प्लास्टिकचा डिफ्युझर फ्लॅशला लावून उघड्या मैदानात मऊ उजेडाची अपेक्षा करणं व्यर्थ आहे. तो उजेड चारी दिशांना फेकतो, आणि तो परतवायला भिंतच नसेल तर नुसती बॅटरी जाते. व्ही१ सारख्या गोल डोक्याच्या फ्लॅशबद्दलही गैरसमज आहे. त्याच्या उजेडाची कड गोलसर, हळूहळू विरणारी असते हे खरं, पण त्याने सावल्या मऊ होत नाहीत, कारण त्याचा आकार बाकीच्यांएवढाच आहे.

लग्नघरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेक फोटो या छत्रीखाली जरूर काढावा. नातवाच्या लग्नात नवं लुगडं नेसलेली आजी, फेटा बांधलेले आबा. अनेक घरांत तोच त्यांचा शेवटचा नीट फोटो ठरतो आणि पुढे हार घालून भिंतीवर लागतो. ग्रुप फोटोच्या तिसऱ्या रांगेतून कापून मोठा केलेला धूसर चेहरा त्या भिंतीवर लागू नये, एवढं आपल्या हातात असतं. सुरकुत्यांसाठी छत्री अगदी बाजूला नेऊ नये, चेहऱ्याच्या थोडी समोर आणावी.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर न्यायचा तर ट्रिगर लागतो. जुन्या पद्धतीत दूरचा फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून पेटतो. लग्नात हे चालत नाही, कारण कुणाही पाहुण्याच्या फ्लॅशने तो पेटतो आणि ऐन वेळी रिकामा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर चालणारा ट्रिगर घ्यावा. त्यातही इथला एक हमखास घोळ आहे. नवरीकडचा एक फोटोग्राफर असतो, नवरदेवाकडचा दुसरा, दोघांकडे एकाच कंपनीचा ट्रिगर, आणि दोघेही खोक्यातून काढला तसा पहिल्याच चॅनेलवर. मग एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचा फ्लॅश पेटतो. लग्न लागण्याआधी समोरच्या फोटोग्राफरला गाठून चॅनेल वाटून घ्यावेत. आणि मेमधल्या वावटळीत मोकळ्या रानात छत्री उभी करायची तर स्टँड धरायला एक माणूस हवाच. स्टँड उलटून फ्लॅशचं डोकं फुटलं तर हंगाम तिथेच अडतो.

भर दुपारच्या मोकळ्या लग्नात फ्लॅश कशाला, असं अनेकांना वाटतं. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली चेहऱ्यावर येते. ती सावली भरायला फ्लॅश लागतो, आणि उजेडाशी बरोबरी करायची असल्याने भरपूर लागतो. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर अ‍ॅपर्चर एफ/११ येतं. १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटर नेलं की बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश अर्ध्याच फ्रेमवर पडतो. एफ/११ ला छत्तीस नंबरचा फ्लॅश सरळ मारला तर सव्वातीन मीटर पोचतो. नुसती सावली हलकी करायची असेल, म्हणजे एक स्टॉप कमी चालणार असेल, तर साडेचार मीटर. परण्याला एवढं पुरतं.

जोडप्याचे फोटो मात्र मागचं धूसर करून हवे असतात. एफ/२.८ वर जायचं म्हणजे चार स्टॉप, शटर १/३२०० वर. त्यासाठी हायस्पीड सिंक हवं. त्यात फ्लॅश एकाच झटक्याऐवजी शटरची फट सरकत असताना सलग लुकलुकत राहतो, आणि त्या खटाटोपात दोनेक स्टॉप ताकद गमावतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मग दीड-दोन मीटरच्या पलीकडे निरुपयोगी. ज्यांचा धंदा दुपारच्या जोडप्यांवर चालतो त्यांनी गोडॉक्सच्या एडी२०० सारख्या, दोनशे वॉट-सेकंदाच्या वेगळ्या दिव्याचा विचार करावा. कॅमेऱ्यावरचा व्ही१ ७६ वॉट-सेकंदाचा आहे. माझा स्वतःचा कल दुसरीकडे आहे. प्री-वेडिंगसाठी कंकालेश्वराच्या देवळाकडे किंवा सौताड्याच्या धबधब्याकडे जायचं असेल तर परवानगी घेऊन सकाळी साडेसहाला जावं. उजेड फुकट मिळतो, आणि साधा फ्लॅश पाव पॉवरवर काम करतो.

फ्लॅश आणि कॅमेरा यांची गाठ जमते का, हे पैसे देण्याआधी बघायचं. टीटीएलची भाषा कंपनीगणिक वेगळी असते. कॅनॉनचा फ्लॅश निकॉनवर टीटीएल करणार नाही. मधल्या एका टोकावर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश सगळ्या कॅमेऱ्यांवर चालतो, असं पूर्वी बिनधास्त सांगता येई. आता नाही. कॅनॉनने २०१८च्या १५००डी आणि ३०००डी, तसंच २०१९च्या २००डी-टू या कॅमेऱ्यांच्या हॉटशूमधलं ते मधलं टोकच काढून टाकलं. नवशिक्या पोरांच्या हातात नेमके हेच कॅमेरे असतात. त्यांवर साधा मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाही, कॅनॉनची भाषा जाणणाराच लागतो. मिररलेस कॅमेरा असेल तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद आहे ना ते बघावं, कारण त्यावर बहुतेक कॅमेरे फ्लॅश पेटवत नाहीत.

वडिलांच्या किंवा काकांच्या स्टुडिओतली जुनी फ्लॅशगन घरात पडलेली असते. ती नव्या कॅमेऱ्यावर चढवण्याचा मोह टाळावा. १९७०च्या दशकातल्या व्हिव्हिटार २८३ सारख्या फ्लॅशच्या जुन्या नगांत हॉटशूच्या टोकांवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. फिल्मच्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नसे, डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

मग घ्यायचं काय? नुकतं काम सुरू केलं असेल, लग्नं बहुतेक घरची आणि मांडवातली असतील, तर टीटी६०० सारखा रेडिओ असलेला मॅन्युअल फ्लॅश, त्याचा ट्रिगर, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री. कॅमेरा वर सांगितलेल्यांपैकी असेल तर मॅन्युअल फ्लॅश स्टँडवर आणि टीटीएल ट्रिगर कॅमेऱ्यावर. ट्रिगरही त्याच कॅमेऱ्यावर लावून पेटवून बघावा. हंगामाचे पैसे हातात आले की लिथियम बॅटरीचा टीटीएल फ्लॅश कॅमेऱ्यावर यावा, जादा बॅटरीसह, आणि पहिला फ्लॅश स्टँडवर जावा. कॅनॉन, निकॉन, सोनी यांचे स्वतःचे फ्लॅश उत्तम आहेत, पण त्या एकाच्या किमतीत हा सगळा संच उभा राहतो. पत्र्याच्या कार्यालयात संच एकट्या फ्लॅशला मागे टाकतो, हे वरच्या हिशेबात आलंच आहे.

जुना फ्लॅश घेत असाल तर पुढची काच बघा. ती पिवळी किंवा आतून काळी पडली असेल तर तो खूप लग्नं जेवून आलेला आहे. पूर्ण पॉवरवर ठेवून दुकानाच्या छताकडे दहा फ्लॅश मारा आणि दर वेळी तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. पहिल्या आणि दहाव्यात फार अंतर असेल तर बॅटरी संपत आलेली आहे. मग पॉवर सगळ्यात कमी करून तसेच दहा मारा, कारण काही फ्लॅश मोठ्या पॉवरवर नीट चालतात आणि बारीक पॉवरवर अधूनमधून गप्प बसतात. फ्लॅश दुकानात ठेवून ट्रिगर घेऊन रस्त्यापलीकडे जा आणि तिथून पेटवून बघा. डोकं वळवून सगळ्या खाचांत बसतं का, हॉटशूचा पाय डुगडुगतो का, बॅटरी फुगलेली नाही ना, हे हाताने तपासा. बिल पक्कं घ्या, आणि दुरुस्तीला फ्लॅश कुठे पाठवावा लागेल ते विचारून ठेवा. बीडमध्ये सोय नसेल तर तो छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जाईल, आणि लग्नसराईत तेवढे दिवस काढायला पिशवीत दुसरा फ्लॅश असावा लागेल.